नाथमाधव : अंथरुणावरून उभारलेले अद्भुतविश्व

द्वारकानाथ माधवराव पितळे यांचे आयुष्य नियतीने दोन सारख्या भागांत वाटून दिले होते. ३ एप्रिल १८८२ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. १९०५ साली सिंहगडावर शिकारीसाठी गेले असताना ते कड्यावरून खाली कोसळले आणि कमरेखालचे शरीर कायमचे निकामी झाले. त्या वेळी त्यांचे वय २३ वर्षांचे होते. २१ जून १९२८ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला, म्हणजे अपघातानंतरही त्यांच्या वाट्याला २३ वर्षेच आली. पहिल्या भागात कुलाब्याच्या तोफगाड्यांच्या सरकारी कारखान्यात नोकरी करणारा, सवड मिळताच बंदूक घेऊन रानावनात हिंडणारा एक धडधाकट तरुण दिसतो. दुसऱ्या भागात तोच तरुण अंथरुणाला खिळलेला आहे. परंतु त्याच अंथरुणावरून तो महाराष्ट्राला प्रेमाच्या, साहसाच्या आणि चमत्काराच्या कथा सांगतो आहे. या दुसऱ्या भागातील माणसाला मराठी वाचक नाथमाधव या नावाने ओळखतात. द्वारकानाथातला ‘नाथ’ आणि वडिलांच्या नावातला ‘माधव’ मिळून हे लेखननाम झाले.

‘प्रेमवेडा’, ‘सावळ्या तांडेल’, ‘वीरधवल’, ‘सोनेरी टोळी’, ‘डॉक्टर’ आणि शिवकालावरची स्वराज्यमाला ही त्यांची ग्रंथसंपदा. आज सत्तरी ओलांडलेल्या खानदेशी वाचकाजवळ यांपैकी एखादे नाव उच्चारावे, म्हणजे त्याच्या मुद्रेवर ओळखीचे हसू उमटते. जळगावचे व. वा. वाचनालय आणि धुळ्याचे गरुड वाचनालय यांसारख्या जुन्या ग्रंथालयांनी कित्येक पिढ्यांना कादंबरीची गोडी लावली. मुंबई-पुण्यात छापलेली पुस्तके रेल्वेने चाळीसगाव, जळगाव, भुसावळला उतरत आणि चाळीसगावच्या फाट्यावरून धुळ्याला पोहोचत. दिवसभर सरकी-कापसाच्या, धान्याच्या भावात गुंतलेला दुकानदार रात्री कंदिलापाशी बसून ज्या राजपुत्राच्या मागोमाग घनदाट अरण्यात शिरे, तो राजपुत्र निर्माण करणारा लेखक स्वतः खाटेवरून उतरू शकत नव्हता, हे त्या वाचकांपैकी कितीजणांच्या ध्यानी आले असेल!

अद्भुतरम्य कथेविषयी आपल्या घराघरांत एक जुना समज आहे. असे लेखन म्हणजे रिकामपणाचा उद्योग, आणि त्याचे वाचन म्हणजे वेळेचा अपव्यय, असे वडीलधारे सांगत आले. जीवनाकडे पाठ फिरवावीशी वाटते तो मनुष्य परीकथेत रमतो, असेही म्हटले जाते. नाथमाधवांचे उदाहरण समोर ठेवले असता हा समज पुन्हा तपासून पाहावासा वाटतो. ज्याला वास्तवाकडे पाठ फिरवणे शरीराने शक्यच नव्हते, पाठीला आठही प्रहर अंथरूणच टेकलेले होते, अशा मनुष्याने अद्भुताचा मार्ग का निवडला असेल? आणि त्या मार्गावर वीस वर्षे चालत राहण्याचे बळ त्याला कोठून लाभले असेल?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मराठी कादंबरीचा उगम थोडा पाहावा लागतो. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. विधवांच्या दुःखाला वाचा फोडणारी ती वास्तवाच्या वाटेवरची कृती होती. परंतु वाचकांना भुरळ पडली ती निराळ्याच जातीच्या कथांची. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली, त्यांचीच ‘रत्नप्रभा’ १८६६ साली, आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली. सुंदर नायिका, शूर नायक, कपटी मंत्री, भुयारे, वियोग आणि अखेरीस पुनर्मीलन असा या कथांचा थाट असे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस गोष्टी मराठीत आणण्याचे काम याच काळात हाती घेतले होते. आजीच्या तोंडच्या आटपाट नगराला आता छापील पुस्तकाचे घर मिळाले.

रिसबुडांनी ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत एक मार्मिक कबुली दिली आहे. तिचा आशय असा : आपल्या समाजातील विवाहाची रीत आणि अशीच इतर काही कारणे पाहता, आपल्या लोकांच्या आयुष्यात मन खिळवून ठेवणारे गुण किंवा दोष फारसे आढळत नाहीत, रोजच्या अनुभवातले लिहिले तर त्यात रंजक असे काही उरत नाही, म्हणून रंजक पुस्तक लिहू पाहणाऱ्याला अद्भुताचाच आश्रय घ्यावा लागतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या लेखकाने आपल्या लेखनाची अडचण इतक्या स्पष्टपणे मांडावी, हे विलक्षण आहे. आठव्या-दहाव्या वर्षी मुलीचे लग्न लागे. वर कोण, वधू कोण, हे वडीलधारे ठरवीत. अशा समाजात अनुरागाची कथा घडायची तरी कोठे? ती घडण्यासाठी लेखकाला एक वेगळे नगरच वसवावे लागले. तेथे राजकन्या आपल्या मनाने वर निवडते, त्याच्यासाठी संकटे सोसते, वनात जाते आणि परत येते. मराठीत प्रेमकथा आणि अद्भुतकथा एकाच पाळण्यात वाढल्या, त्याचे कारण हे असे समाजाच्या रचनेत दडलेले आहे.

पुढे हरि नारायण आपटे यांनी ही स्थिती पालटली. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही त्यांची कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली आणि यमूच्या साध्या, घरगुती आयुष्यातही केवढे नाट्य भरलेले आहे, हे महाराष्ट्राला उमगले. आता अद्भुतकथेची सद्दी संपली, असे कोणालाही वाटावे. तरीही आपट्यांच्या हयातीतच नाथमाधव आले आणि त्यांनी प्रेम, साहस व चमत्कार यांचे दालन पुन्हा उघडले. मात्र रिसबुडांची अडचण त्यांच्यापुढे वेगळ्या रूपात उभी होती. रिसबुडांना समाजाचे आयुष्य एकसुरी वाटले होते. नाथमाधवांचे स्वतःचेच आयुष्य चार भिंतींत येऊन थांबले होते.

१९०५ चा अपघात आणि १९०८ मधली ‘प्रेमवेडा’ ही पहिली कादंबरी, यांच्यामध्ये तीन वर्षे आहेत. हा काळ त्यांनी वाचनात घालवला. मराठीत जे जे हाती लागेल ते वाचून काढण्याचा त्यांनी सपाटा लावला. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती, साहित्यशास्त्राचे औपचारिक शिक्षण नव्हते. परंतु वाचनाचा वेगळाच एक अधिकार त्यांना प्राप्त झाला. धडधाकट मनुष्य पुस्तक वाचतो, मिटतो आणि कामाला लागतो. ज्याला उठून जाता येत नाही, तो त्या पुस्तकातच वस्ती करतो. कोणत्या प्रसंगापाशी आपला श्वास अडला, कोणत्या पानावर डोळा लागला, कोणते पात्र दिवा मालवल्यावरही खोलीत वावरत राहिले, याचा हिशेब त्याला आपोआप कळत जातो. कथा सांगण्याची कला प्रथम ऐकणाऱ्याच्या बाजूने शिकावी लागते. नाथमाधवांची ती शिकवणी तीन वर्षे चालली.

केवळ वाचनाने मात्र लेखक घडत नाही. त्यामागे अनुभवाचे भांडवल लागते, आणि ते नाथमाधवांपाशी पहिल्या २३ वर्षांचे होते. तोफगाडा कसा बनतो, लोखंडाला कसा वास येतो, कारखान्यातील माणसे कशी बोलतात, हे कारखान्यात काम केलेल्याला निराळे शिकावे लागत नाही. पहाटेच्या धुक्यात रानवाट कशी दिसते, पाचोळ्यावरचे पाऊल कसे ओळखावे, सावज टप्प्यात येईपर्यंत श्वास किती वेळ रोखावा, हे शिकाऱ्याला ठाऊक असते. पाय गेले, तरी पायांची स्मृती जात नाही. डोंगर चढताना पोटऱ्यांत येणारा ताण आणि कड्याच्या टोकाशी पोटात पडणारा खड्डा ज्याने अनुभवला आहे, त्याच्या लेखणीतला डोंगर वाचकालाही धाप लावतो. ‘सावळ्या तांडेल’ ही त्यांची ऐतिहासिक कादंबरी १९०९ सालची, म्हणजे पहिल्या कादंबरीपाठोपाठ आलेली. तांडेल म्हणजे गलबत चालवणाऱ्यांचा म्होरक्या. अंथरुणाला खिळलेल्या लेखकाने आपल्या दुसऱ्याच वर्षी वाचकाला समुद्रावर न्यावे, यात त्याच्या मनाची ओढ स्पष्ट दिसते.

१९१३ साली ‘वीरधवल’ आली आणि अद्भुतरम्य कादंबरीकार म्हणून नाथमाधवांचे नाव घरोघर पोहोचले. या जातीच्या लेखनाचे मर्म येथे थोडे विस्ताराने पाहण्यासारखे आहे. वास्तव कादंबरी लिहिणाऱ्याला जग तयार मिळते. पुण्यातील वाडा, वाड्यातील विहीर, विहिरीवरच्या बायका हे सारे वाचकाला आधीच ठाऊक असते. अद्भुत कादंबरीकाराला मात्र नदी, डोंगर, राजधानी आणि राजघराणे येथपासून सुरुवात करावी लागते. राजवाड्यापासून अरण्य किती कोसांवर आहे, गुप्त भुयाराचे दुसरे तोंड कोठे उघडते, मांत्रिकाची शक्ती कोठवर चालते आणि कोठे थांबते, हे सारे त्याला स्वतः ठरवून लक्षात ठेवावे लागते. मांत्रिक काहीही करू शकतो असे एकदा ठरले की संकट लटके पडते आणि वाचकाचा जीव टांगणीला लागत नाही. म्हणून अद्भुताला नियम हवेत आणि ते नियम लेखकाने स्वतःवर आधी लादून घ्यावे लागतात. पहिल्या भागात दिलेले वचन शेवटच्या भागात फेडावे लागते. येथे कल्पनेइतकीच हिशेबाची गरज असते. आपल्या व्यापारी घरांतील मंडळींना हे सहज पटेल : खतावणीत एक रक्कम चुकली, तर वर्षाअखेरीस ताळा जमत नाही. अद्भुत कादंबरीची वहीही तशीच काटेकोर ठेवावी लागते.

इंग्रजीतील प्रसिद्ध लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे उदाहरण या संदर्भात आठवते. तेही जन्मभर आजारी राहिले. त्यांच्या आयुष्यातील कितीतरी काळ बिछान्यात गेला. १८८१ साली स्कॉटलंडमध्ये पावसाळी हवेत घरात अडकून पडले असताना आपल्या सावत्र मुलाबरोबर त्यांनी एका काल्पनिक बेटाचा नकाशा रंगवला. त्या नकाशातूनच ‘ट्रेझर आयलंड’ ही जगभर वाचली गेलेली साहसकथा निर्माण झाली. आधी जमीन आखली गेली, मग तिच्यावर माणसे चालू लागली. स्टीव्हन्सन काय किंवा नाथमाधव काय, शरीराला प्रवासाची मुभा नसलेल्या लेखकांनी प्रवासाच्या कथा लिहाव्यात, हा योगायोग वाटत नाही. ज्याला वाट चालता येते, त्याला नकाशाची तितकी तहान नसते.

तरीही तहान आणि लेखन यांमध्ये मोठे अंतर असते. ते रोजच्या कामाने तोडावे लागते. १९०८ ते १९२८ या वीस वर्षांत नाथमाधवांनी सामाजिक, ऐतिहासिक आणि अद्भुतरम्य अशा तिन्ही प्रकारांत सातत्याने लिहिले. काही कथानके तर अनेक भागांची होती. त्या काळी टंकलेखन यंत्र घरोघर नव्हते. बोरू किंवा टाक दौतीत बुडवायचा, ओळ लिहायची, पुन्हा बुडवायचा, असे हजारो वेळा करावे तेव्हा एक कादंबरी पुरी होई. बसून लिहिणाऱ्याचीही मान अवघडते. ज्याचे अर्धे शरीर साथ देत नाही, त्याला प्रत्येक पान किती महाग पडत असेल, याची कल्पना घरात एखादा दीर्घकाळचा रुग्ण सांभाळलेल्यांना येईल. दौत हाताशी ठेवणारा, कागद उचलून देणारा, कूस पालटून देणारा हात जवळ असल्याखेरीज असा रुग्ण एक दिवसही काढू शकत नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एकच नाव छापले जाते. अशा पुस्तकामागे मात्र अवघे घर उभे असते.

अद्भुतात रमलेल्या या लेखकाची नजर भोवतालच्या समाजावरून ढळली नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. १९१८ ते १९२० या काळात त्यांची ‘डॉक्टर’ ही कादंबरी तीन भागांत प्रसिद्ध झाली. स्त्रीने वैद्यकीचे शिक्षण घ्यावे, स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हा विषय त्यांनी त्या काळी हाती घेतला. मुलीला चार बुके शिकवण्यावरही जेथे घरात वाद होत, तेथे डॉक्टर होणारी नायिका म्हणजे वाचकाच्या दृष्टीने वीरधवलाइतकीच अद्भुत होती! आज जळगाव-धुळ्यातील कोणत्याही गल्लीत डॉक्टर लेकी-सुना सहज आढळतात. एका पिढीला जे कादंबरीतच शक्य वाटले, ते तिसऱ्या-चौथ्या पिढीत घरातले झाले. कल्पनाशक्ती समाजाला अशा रीतीने पुढची वाट दाखवून ठेवते, आणि मग समाज आपल्या गतीने तेथे येऊन पोहोचतो.

१९२० नंतरच्या वर्षांत नाथमाधव शिवकालाकडे वळले. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’, ‘स्वराज्यावरील संकट’ अशी ही माला वाढत गेली. त्यांच्या आयुष्यात सिंहगडाला काय अर्थ होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या निवडीचे मोल कळते. १६७० साली तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे ज्या गडाचा कडा रात्रीच्या अंधारात चढून गेले, त्याच गडाच्या कड्यावरून नाथमाधव पडले होते. अपघाताच्या दोनच वर्षे आधी, १९०३ साली, हरिभाऊ आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी निघाली होती. सामान्य मनुष्याने या गडाचे नावही पुन्हा तोंडी येऊ दिले नसते. नाथमाधव मात्र लेखणीच्या आधाराने गडकोटांच्या मुलखात परतले. ज्या सह्याद्रीने त्यांचे चालणे हिरावून घेतले, त्याच्याच दऱ्याखोऱ्यांतून त्यांनी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना हिंडवून आणले. त्यांच्या मनात डोंगराविषयी कडवटपणा राहिला असता, तर त्या पानांना वाचकांचे इतके प्रेम लाभले नसते.

येथे धुळ्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून, दप्तरे धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. त्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. याच राजवाड्यांनी १९०२ साली ‘कादंबरी’ या नावाचा निबंध लिहून अद्भुत आणि वास्तव या दोन्ही प्रकारांचा ऊहापोह केला होता. अखेरच्या काळात ते धुळ्यात होते आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले आणि त्यांनी जमवलेल्या कागदपत्रांचा ठेवा तेथे जतन झाला. एक मनुष्य आयुष्यभर चालत राहिला आणि त्याने कागद गोळा केले. दुसरा आयुष्याचा अर्धा काळ पडून राहिला आणि त्याने त्याच काळाची स्वप्ने रंगवली. राजवाड्यांसारख्या संशोधकांनी अस्सल साधने उजेडात आणली नसती, तर शिवकालावरील कादंबऱ्यांना भक्कम जमीन मिळाली नसती; आणि कादंबरीकारांनी त्या काळात प्राण फुंकला नसता, तर कापसाच्या वखारीतील कारकुनापर्यंत आणि चुलीपुढच्या गृहिणीपर्यंत तो काळ पोहोचला नसता. हे दोघे दीड वर्षाच्या अंतराने गेले.

खानदेशाच्या भूमीला बंधनातून उमललेल्या निर्मितीची ओळख जुनी आहे. नाथमाधवांची पहिली कादंबरी निघाली, त्याच्या आदल्याच वर्षी, १९०७ साली, जळगावात कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉ. का. र. कीर्तिकर होते. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाची कविता ऐकून त्यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. पुढे याच कवीने हिरवळीवरच्या इवल्या कळीचे सूर्यकिरणाशी लग्न लावून दिले. प्रेम आणि अद्भुत यांचा इतका निर्मळ संगम मराठीत दुसरा क्वचितच सापडेल. १९१८ साली जळगावजवळच्या भादली स्थानकाशी रेल्वेच्या अपघातात बालकवींचा अंत झाला, तेव्हा ते अवघे २७ वर्षांचे होते.

जळगावजवळच्या आसोद्याच्या लेक बहिणाबाई चौधरी या तर नाथमाधवांच्याच पिढीतल्या. त्यांचा जन्म १८८० सालचा. अक्षरओळख नसणे आणि संसाराची अखंड कामे, हे त्यांचे बंधन होते. जाते ओढताना, शेतात राबताना त्या ओव्या रचीत गेल्या. घरातल्यांनी त्या टिपून ठेवल्या म्हणून वाचल्या, आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आल्या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. अंथरूण, जाते आणि तुरुंगाची कोठडी या तीन अगदी वेगळ्या जागा आहेत. एक दैवाने दिलेली, दुसरी परिस्थितीने, तिसरी जाणूनबुजून स्वीकारलेली. तिघांच्याही बाबतीत एक गोष्ट मात्र समान आहे : हाताशी जे उरले होते, त्यातूनच त्यांनी काम उभे केले, आणि ते काम टिकले कारण कोणीतरी ते टिपले, छापले, जपले.

असे असले तरी दुःखाचा उदोउदो करणे योग्य होणार नाही. पंगुत्व हे वरदान नसते. कड्यावरून पडला नसता तर नाथमाधव लेखक झाला नसता, असे म्हणणे सोपे आहे. पण दर रात्री ते दुखणे सोसणाऱ्यापुढे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. अपघाताने अनेकांचे पाय जातात, त्यांतला प्रत्येकजण कादंबरीकार होत नाही. नाथमाधवांना जे मिळाले ते त्यांच्या वाचनाने, चिकाटीने आणि वाचकांच्या लोभाने मिळाले. त्यांच्या लेखनातही उणिवा आहेत. योगायोगांची गर्दी होते, पात्रे काळ्या-पांढऱ्या रंगांत विभागली जातात, कथा मध्येच थांबवून उपदेश केला जातो. त्यांच्यामागून आलेल्या ना. सी. फडके, वि. स. खांडेकर यांच्या पिढीने कादंबरीची घडण बदलली आणि समीक्षकांचे लक्ष तिकडे गेले. वाचकांनी मात्र पुढेही बरीच वर्षे नाथमाधवांची साथ सोडली नाही. ग्रंथालयातल्या त्यांच्या प्रती पाने सुटेपर्यंत, कडा कुरतडल्या जाईपर्यंत फिरत राहिल्या.

आज अद्भुताची आवड घराघरांत पुन्हा वाढली आहे. नातवंडे जादूगारांच्या शाळेच्या आणि उडत्या राक्षसांच्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या एका बैठकीत संपवतात. आजी-आजोबांना काळजी वाटते, की हे सारे खोटे वाचून मूल व्यवहाराला पारखे होईल. अशा वेळी नातवंडाच्या हातून पुस्तक काढून घेण्याऐवजी त्याला ‘वीरधवल’ची ओळख करून द्यावी. शंभर वर्षांपूर्वी मराठीतही असे अरण्य, असे भुयार, असा राजपुत्र होता आणि तो कोणत्या परिस्थितीत जन्माला आला, हे सांगावे. कथेतल्या मांत्रिकाला नियम का हवेत, वचन का फेडावे लागते, याची चर्चा जेवणाच्या पंगतीत व्हावी. जे मूल अशी कथा लक्ष देऊन वाचते, त्याला दुसऱ्याच्या भीतीची, आशेची आणि निष्ठेची पारख होऊ लागते. व्यवहारालाही याच पारखीची गरज असते.

आणखी एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांनी मनावर घेण्याजोगी आहे. बहुतेक कुटुंबांत कोणी ना कोणी आजाराने, वार्धक्याने किंवा अपघाताने एका खोलीपुरते मर्यादित झालेले असते. आपण त्यांची औषधे वेळेवर देतो, पथ्य सांभाळतो, प्रकृतीची चौकशी करतो. त्यांच्या मनाला काय हवे, हे विचारायचे मात्र अनेकदा राहून जाते. खाटेशेजारच्या स्टुलावर औषधांच्या बाटल्यांबरोबर एखादे पुस्तक, एक कोरी वही आणि पेन ठेवायला खर्च फारसा येत नाही. लिहिण्याइतके बळ हातात नसेल, तर घरातल्या एखाद्या मुलाने रोज अर्धा तास शेजारी बसून त्यांचे बोलणे लिहून घ्यावे. त्या वहीतून कादंबरी जन्माला येईलच, असे नाही. गावच्या जुन्या पेठेची हकिगत, माहेरच्या विहिरीचे वर्णन, कधी काळी ऐकलेली राजकन्येची गोष्ट, एवढेच कदाचित तिच्यात उतरेल. परंतु त्या अर्ध्या तासापुरता तो मनुष्य रुग्ण राहणार नाही, सांगणारा होईल. आणि शेजारी बसलेल्या मुलाला आपल्या घरातील एक नवा मनुष्य भेटेल.